किट घ्यायच्या आधी आठवडाभर मुलाच्या शेजारी मांडी घालून बसा

पत्र थोडक्यात: एका खेड्यातल्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचं हे पत्र आहे. पहिली-दुसरी मिळून चोवीस मुलं त्यांच्या वर्गात. त्यातला दुसरीतला साडेसात वर्षांचा एक मुलगा तोंडी एकदम हुशार, शंभरपासून उलटे अंक धडाधड म्हणतो, ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी हावभावासकट सांगतो, पण लिहायला बसला की मुठीत पेन्सिल धरतो, टोक मोडतो, पान फाटतं आणि वीस मिनिटांत अर्धी ओळ होते. मध्येच उठतो, शर्टाची कॉलर चघळतो, बटणं लावता येत नाहीत. वडील म्हणतात आळशी आहे. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येतात. बाईंनी मोबाईलवर व्हिडिओ बघून एक ‘थेरपी किट’ शोधलंय, अठरा हजारांचं, त्यात वजनदार जाकीट, हाताने मळायची पुट्टी, पेन्सिलच्या ग्रिप, डुलणारी फळी वगैरे. लोकवर्गणी काढून ते घ्यावं का, आपण शिकलेले नसताना वापरलं तर मुलाला अपाय होईल का, आणि एका मुलासाठी एवढं करणं बाकी तेवीस जणांवर अन्याय नाही का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर अडकले. ‘मधूनच डाव्या हातात पेन्सिल घेतो, मग मी किंवा त्याची आजी हात बदलायला लावतो’ हे तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय. मला पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटली. पण त्याच्याकडे जरा वेळाने येते, आधी किटचं बोलू, कारण व्यवस्थापन समितीची मीटिंग पुढच्याच आठवड्यात आहे म्हणताय.

किट आत्ता घेऊ नका. वर्गणी काढण्यात काही चूक नाही, गावाने शाळेसाठी द्यावंच. पण ते किट कुणीतरी आधी बनवून ठेवलंय आणि तुमच्या मुलाला ते कधी भेटलेलं नाही. आमच्या कामाला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीला, मराठीत व्यवसायोपचार म्हणतात आणि त्या शब्दाने बराच घोटाळा होतो, लोकांना वाटतं धंदा शिकवतात की काय. आपल्याकडे या विषयाची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात सुरू झाली, ती कमलाताई निंबकरांनी काढली, मूळच्या अमेरिकन, लग्न होऊन इथल्याच झालेल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा तुम्ही ऐकून असाल, ती त्यांच्याच नावाची. तर व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते, आणि मुलाचा व्यवसाय म्हणजे डबा उघडणं, चड्डीची बटणं लावणं, दप्तर भरणं, फळ्यावरचं उतरवणं, मैदानात आपला नंबर येईपर्यंत थांबणं. यातलं नेमकं काय अडतंय आणि कुठल्या पायरीला अडतंय हे आधी शोधायचं. साहित्य त्यानंतर, आणि बऱ्याचदा ते शाळेतच सापडतं.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेलं आहे, की साहित्य नाही म्हणून थेरपी नाही. मी उलट म्हणते, की त्याच्याकडे कुणी अजून नीट बघितलेलं नाही. तुम्हाला बोल लावत नाहीये हो, चोवीस मुलं आणि दोन इयत्ता सांभाळताना एका मुलाच्या हाताकडे पाच मिनिटं टक लावून बघणं किती अवघड असतं ते मला माहितीये. पण पाच मिनिटंच लागतात. आठवडाभर रोज पाच मिनिटं त्याच्या बाजूला खाली मांडी घालून बसा, काही सुधरवू नका, नुसतं बघा आणि एका वहीत लिहा. पाय कुठे आहेत, पाठ कशी आहे, दुसरा हात काय करतोय, वही धरलीय की डोक्याला आधार दिलाय, पेन्सिल दाबताना दात आवळतो का, कॉलर तोंडात नेमकी कधी जाते. लिहिताना जात असेल आणि गोष्ट ऐकताना जात नसेल तर तुमचं अर्धं निदान तिथेच झालं, त्याला लिहिण्याचा ताण येतोय. सकाळी येतो तेव्हाच चघळत असेल तर आधी विचारा की घरून काही खाऊन येतो का.

आता पायांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळा गाडी इथेच अडलेली मी बघितलीय. तिसरीतली एक मुलगी होती, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सगळे म्हणायचे बोटांत जोरच नाही. मी गेले तेव्हा ती बाकावर बसलेली, बाक मोठ्या मुलांसाठी आलेलं, तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते, आणि पडू नये म्हणून डाव्या हाताने तिने बाकाची कड घट्ट पकडलेली. म्हणजे वही धरायला हातच शिल्लक नव्हता! ती एका हाताने बसत होती आणि एका हाताने लिहीत होती. शाळेच्या बांधकामाच्या उरलेल्या दोन विटा आणल्या, गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधल्या, तिच्या पायांखाली सरकवल्या. तिने दोन्ही पाय टेकवले, एकदा मागे टेकून बघितलं आणि डावा हात आपोआप वहीवर आला. अक्षर त्या दिवशी सुंदर झालं असं मुळीच नाही, पण वही हलायची थांबली, आणि वही हलायची थांबल्याशिवाय पुढचं काही शक्यच नव्हतं.

तेव्हा तुमच्याकडे बाक असेल तर पाय पूर्ण टेकतात का बघा, गुडघे साधारण काटकोनात, आणि टेबल हाताच्या कोपराच्या जरासंच वर. सतरंजीवर बसत असतील तर वही जमिनीवर ठेवून लिहिणं म्हणजे कमरेतून दुमडून लिहिणं, अशा वेळी पाट द्या किंवा छोटं डेस्क द्या. उतार देता आला तर फारच चांगलं, जुनी जाड बॉक्स फाइल आडवी ठेवली की तयार उतार मिळतो, नाहीतर पाटाच्या मागच्या बाजूला एक वीट, वीसेक अंश पुरतात. उतारावर मनगट आपोआप मागे वळतं आणि मनगट मागे वळलं की बोटं हलायला मोकळी होतात. किटमध्ये हाच उतार हजार-बाराशेला असतो.

आणि आता डावा हात.

तो डावखुरा असेल तर ताई, तुम्ही आणि आजी मिळून त्याला रोज चुकीच्या हाताने लिहायला लावताय. रागावू नका, आजीच्या मनातली भीती मला समजते, आमच्याकडेही आरती आणि जेवण डाव्या हाताने म्हणजे घरात गहजब व्हायचा. पण पेन्सिलला उजवं-डावं कळत नाही. नेमका कुठला हात त्याचा आहे ते आधी ठरवू. त्याला सांगू नका की परीक्षा आहे. चेंडू फेकायला द्या, वाटीतले शेंगदाणे चमच्याने दुसऱ्या वाटीत काढायला सांगा, दात कुठल्या हाताने घासतो ते करून दाखवायला सांगा, बाटलीचं झाकण उघडायला द्या, खडूने जमिनीवर गोल काढायला सांगा. प्रत्येक वस्तू बरोबर त्याच्या समोर मधोमध ठेवायची, म्हणजे जवळचा हात म्हणून उचलला असं होत नाही. तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी बघा. दहातल्या आठ वेळा डावा येत असेल तर विषय संपला, डाव्या हाताने लिहू द्या आणि घरीही सांगा.

एक मात्र जपून विचारा. आईला विचारा की डावा हात कधीपासून. वर्षाच्या आतच एकच हात वापरायला लागला होता, उजवी मूठ सतत आवळलेली असायची, चालताना उजवा पाय ओढतो किंवा चवड्यावर टाकतो, असं काही असेल तर हा नुसता डावखुरेपणा नसू शकतो, उजवी बाजू कमजोर असू शकते. मग डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तसंच आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली असेल, हात थरथरत असेल, सारखा पडत असेल किंवा मध्येच टक लावून हरवल्यासारखा होत असेल तरी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं, त्यांच्याकडे तुमची निरीक्षणाची वही द्या आणि मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणाऱ्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायला सांगा. ‘लिहीत नाही’ एवढंच सांगितलं तर फॉर्मवर एक टिक होते, वही दाखवली तर डॉक्टर थांबून वाचतात.

डावखुरा निघाला तर चार साध्या गोष्टी बदलतील. बाकावर डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याचं कोपर आणि याचं कोपर दिवसभर भांडत राहतील. वही छातीच्या मधोमध न ठेवता थोडी डावीकडे, आणि वहीचा वरचा भाग उजवीकडे कललेला, म्हणजे उजव्या हाताची मुलं ठेवतात त्याच्या बरोबर उलट. पेन्सिल टोकापासून दोन बोटं वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. आणि गिरवायला नमुना देताना तो उजवीकडे लिहा. आपण सवयीने डावीकडे पहिलं अक्षर काढून देतो आणि मुलगा लिहायला लागला की त्याच्याच हाताखाली नमुना गायब होतो, मग तो अंदाजाने काढतो आणि आपण म्हणतो लक्ष देत नाही. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर ओढू दे, उजवीकडून डावीकडे ओढली तरी ओढू दे, डाव्या हाताला ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं जातं. कात्री मात्र डावखुऱ्यांची वेगळी मिळते ती खरंच आणा, साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब जातात आणि कागद कापला न जाता दुमडतो. वर्गणीतून एक वस्तू आणायचीच असेल तर ती ही.

मुठीच्या पकडीबद्दल. सगळ्या मुलांनी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशीच पेन्सिल धरली पाहिजे असं आपल्याला शिकवलेलं असतं, पण पेन्सिल धरायच्या तीन-चार बऱ्यापैकी पकडी आहेत आणि वेग किंवा सुवाच्यता यांत त्यांच्यामध्ये फारसा फरक पडत नाही असं अभ्यासांत दिसलंय. चार बोटांनी धरत असेल, अंगठा आडवा येत असेल आणि हात दुखत नसेल तर सोडून द्या. पूर्ण मूठ मात्र बदलायला हवी, कारण मुठीत बोटं हलतच नाहीत, अख्खा खांदा लिहितो. त्यासाठी ग्रिप घेण्याआधी पेन्सिल मोडून छोटी करा. खरंच, दोन इंचांचा तुकडा द्या, खडूचाही बोटाच्या पेराएवढा तुकडा. एवढ्याशा तुकड्याला मूठ बसतच नाही, बोटांची टोकंच लागतात. पाटीवर, भिंतीवर, उभ्या फळ्यावर लिहायला लावा, उभ्या पृष्ठभागावर मनगट बरोबर जागी येतं. पान फाटत असेल तर वहीखाली चार घड्यांचं फडकं ठेवा आणि खेळ लावा की पान न फाटता एक ओळ पूर्ण करायची, मऊ जागेवर जास्त दाब दिला की भोक पडतं आणि त्याचं त्यालाच कळतं, आपल्याला ओरडावं लागत नाही.

बोटांच्या ताकदीसाठी पुट्टी नको, कणीक आहे. शेंगा फोडणं, मटार सोलणं, लसणाची साल काढणं, कापसाच्या वाती वळणं, दोरीवरचे कपड्याचे चिमटे काढणं-लावणं, झेंडूच्या फुलांचा हार ओवणं, पोळ्याला मातीचे बैल करणं, सागरगोटे, गोट्या. गोटी मारताना अंगठा आणि तर्जनी जे काम करतात तेच काम पेन्सिल धरताना लागतं. आजीला यात घ्या! आजीला सांगा की रोज संध्याकाळी दिव्याच्या दोन वाती त्याने वळायच्या, डावा हात वापरला तरी चालेल. ज्या आजीने हात बदलायला लावला तिच्याच मांडीजवळ बसून डाव्या हाताने वात वळली गेली आणि दिवा लागला, तर घरातला वाद बराचसा तिथेच मिटतो.

पण इथे एक सांगायलाच हवं, कारण ही चूक मी स्वतः केलीय. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला मी जूनपासून दिवाळीपर्यंत नुसते बोटांचे व्यायाम दिले, मणी ओवले, माती मळली, चिमटे लावले, तो या सगळ्यात पटाईत झाला आणि लिहिणं तसंच राहिलं. जवळजवळ पाच महिने गेले त्या पोराचे, अजून वाईट वाटतं. लिहिणं सुधारायचं असेल तर लिहिण्याचाच सराव लागतो, बाकी सगळं त्याच्या जोडीला. रोज दहा मिनिटं, पानभर नाही, तीन-चार अक्षरं. वर्णमालेच्या क्रमाने न जाता हाताच्या वळणाने गट करा: ग म भ न एकत्र, व ब क एकत्र, ट ठ ढ द एकत्र. मोठ्याने वळण म्हणत काढायचं, ‘खाली, गोल, वर, काना’ असं. शेवटी त्यानेच स्वतःच्या पाच ‘ब’मधला सगळ्यात चांगला शोधून त्याला गोल करायचा. लाल पेनाने तुम्ही चुका दाखवण्यापेक्षा हे जास्त काम करतं. आठ-दहा दिवसांत फरक शोधू नका, दोन महिने धरून चाला. जाड रेघांची किंवा चौकटीची वही द्या, छापील रेघ दिसत नसेल तर फेव्हिकॉलने रेघ काढून वाळवली की बोटाला आणि पेन्सिलीला उंचवटा लागतो.

आणि तोपर्यंत त्याचा अभ्यास लिहिण्यावर अडवून ठेवू नका. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम हे सगळं धरलेलंच आहे. शंभरपासून उलटे अंक येतात ना, मग गणित तोंडी घ्या. फळ्यावरून दहा ओळी उतरवायच्या तिथे त्याला दोन द्या. हुशार मूल लिहिता येत नाही म्हणून मागे पडलं की ते लवकरच स्वतःला ढ समजायला लागतं, आणि ते कुठल्याही पुट्टीने दुरुस्त होत नाही.

बटणांचं उलटं शिकवायचं. पहिल्या पायरीपासून सुरू केलं की शेवटपर्यंत पोचायच्या आधीच मूल रडकुंडीला येतं. तुम्ही बटण अर्धं काजातून बाहेर काढून द्या, त्याने फक्त ओढायचं. ते जमलं की आदल्या पायरीवर जा. आधी टेबलावर ठेवलेल्या जुन्या शर्टवर, मोठ्या बटणाच्या, मग अंगावर. आईला सांगा तोपर्यंत शाळेची चड्डी इलॅस्टिकची शिवा, बाथरूमला जाताना त्याची फजिती व्हायला नको.

मध्येच उठण्याबद्दल. सात वर्षांच्या मुलाने पाऊण तास हलू नये ही अपेक्षाच मला पटत नाही, फक्त बाकीची मुलं गुपचूप सहन करतात आणि हा करत नाही. वजनदार जाकिटाने मूल शांत बसतं याचा पुरावा कमकुवत आहे, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच म्हटलं होतं की संवेदनांवर आधारित थेरपीवरचं संशोधन तोकडं आहे हे पालकांना सांगा. शिवाय उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत जाकीट घालून मुलाला बसवायचं? तुम्हाला अपायाची भीती वाटतेय ती इथे खरी आहे. वजन घालणं, गरगर फिरवणं, खुर्चीला बांधणं, त्वचेवर ब्रश घासणं हे शिकलेल्या माणसाशिवाय करू नका. त्याऐवजी अंगमेहनतीचं काम द्या: झाडांना बादलीने पाणी, सतरंज्या उचलणं, फळा पुसणं, हापशी मारणं, पोषण आहाराची ताटं वाटणं. दर पंधरा-वीस मिनिटांनी अख्ख्या वर्गाला दोन मिनिटं उभं करा, भिंत ढकला, लंगडी घाला, बेडूकउड्या मारा. बाकाच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधा, पायाने ती ढकलत बसतो आणि खूप मुलं तेवढ्यावर जागेवर राहतात. कॉलरसाठी पाण्याची बाटली जवळ ठेवा, मधल्या सुट्टीत भाजलेले चणे, गाजर असं चावायला लागणारं काही. मणी आणि बिया मात्र तोंडात घालणाऱ्या मुलासमोर एकट्याने सोडू नका.

अन्यायाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलंय बघा. विटा, उतार, छोटा खडू, लंगडी, अक्षरांचे गट, यातलं जवळपास सगळं चोवीस जणांना एकदम देता येतं. त्याला वेगळ्या ‘थेरपी कोपऱ्यात’ बसवू नका, किट आलं असतं तर तेच झालं असतं. तुम्हाला आणखी तीन मुलं अशी सापडतील ज्यांचे पाय लोंबकळतायत आणि ज्यांच्याबद्दल तुम्ही पत्र लिहिलं नाहीत कारण ती शांत आहेत.

विशेष शिक्षक पुढच्या खेपेला येतील तेव्हा त्यांना मुलाला घेऊन जाऊ देऊ नका, वर्गातच तुमच्या शेजारी बसवा आणि वही दाखवा. महिन्यातला एक तास त्याच्यावर खर्च करण्यापेक्षा तुम्हाला शिकवण्यात घालवला तर उरलेले एकोणतीस दिवस कामी येतील. कुणी घाईने अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारायला निघालं तर थांबवा, ते प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत आणि त्याचा हातच अजून ठरलेला नाही.

वडिलांना आळसाचं समजावत बसू नका. ते उजव्या हाताने लिहीत असतील तर डाव्या हातात पेन द्या आणि स्वतःचं नाव पाच वेळा लिहायला सांगा, शाळेतच, मुलासमोर. खांदा दुखायला लागला की ते स्वतःच बोलतील.

मीटिंगमध्ये वर्गणीचा विषय निघाला तर पाचशेच्या आत बसेल अशी यादी द्या: डावखुरी कात्री, जाड त्रिकोणी पेन्सिली, चिमट्यांचं पाकीट, चौकटीच्या वह्या. विटा आणि ट्यूब गावात मिळतील. आणि आठवड्याची वही पूर्ण झाली, डावा हात मोकळा सोडून पंधरा दिवस झाले, की त्याच्या लिखाणाची दोन पानं, आधीचं एक आणि नंतरचं एक, मला पाठवा. पानाच्या मागे फक्त एवढंच लिहा की पाय टेकलेले होते की नाही.